खनिजाच्या तेजीत आपल्या भागाच्या व्यापाराचं मॉडेल कसं बांधायचं (सिंधुदुर्ग-गोवा पट्टा धरून)

कोकणात मायनिंगचा विषय निघाला की दोन आकडे लगेच पुढे येतात, इतके कोटी येणार आणि इतक्या जणांना रोजगार मिळणार, आणि मग दुसरी बाजू आपले आकडे मांडते. पण हे आकडे कुठल्या गणितातून आले ते कुणी दाखवत नाही. हे गणित स्वतः करता येतं, त्यासाठी मोठं सॉफ्टवेअर लागत नाही, एक्सेल किंवा गूगल शीट पुरतं. एमए-एमकॉमचा प्रोजेक्ट करणारी मुलं, ग्रामपंचायतीत बसणारी माणसं, व्यापारी संघाचे लोक, ज्यांना आपल्या तालुक्याचं काय होणार हे स्वतः तपासायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच आहे की तेजीचं मॉडेल टनावर उभं करू नका, रुपया शेवटी कुठे मुक्कामाला जातो त्यावर उभं करा, आणि तेजी थांबण्याचा दिवस पहिल्यापासून शीटमध्ये ठेवा. बाकी सगळं त्याच्याभोवती येतं.

आधी काय झालं होतं ते थोडक्यात. २००३ मध्ये चीन वर्षाला १५ कोटी टनांच्या आत लोहखनिज आयात करत होता, २००९ पर्यंत तो आकडा ६० कोटी टनांच्या वर गेला. गोव्याचं खनिज कमी प्रतीचं, पूर्वी त्याला फारसा भाव नव्हता, पण या मागणीत तेही उचललं जायला लागलं आणि २०१०-११ मध्ये गोव्यातून साधारण ५.४ कोटी टन माल बाहेर गेला. डिचोली, सत्तरी, सांगेकडून ट्रक जेटीपर्यंत, तिथून मांडवी-जुवारीतून बार्ज (माल नेणाऱ्या सपाट बोटी), मग मुरगाव बंदर. आपल्या बाजूला रेडीची खाण आणि बंदर, दोडामार्गात कळण्याची खाण. आणि मग सप्टेंबर २०१२ मध्ये गोवा सरकारने खाणी थांबवल्या, ५ ऑक्टोबर २०१२ ला सुप्रीम कोर्टानेही खाणकामाला स्थगिती दिली, एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली, पण ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात ८८ लीज रद्द झाल्या आणि त्या मार्चच्या मध्यापासून परत सगळं ठप्प. म्हणजे चढायला आठ-नऊ वर्षं लागली आणि उतरायला काही आठवडे. हा फरक मॉडेलमध्ये दिसला पाहिजे.

सीमा कुठे आखायची

पहिली अडचण इथेच येते, कारण आकडेवारी जिल्ह्याची आणि राज्याची मिळते पण व्यापार राज्याची सीमा बघत नाही. बांदा-दोडामार्गचा माणूस म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जातो, आजारी पडला की बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जातो, पोरगा गोव्यात कामाला असतो, आणि भाजी मात्र बेळगावहून दोन्हीकडे येते. म्हणून नुसता सिंधुदुर्ग घेतला तर अर्धं चित्र बाहेर राहतं. मी म्हणेन दहा-बारा ठिकाणं धरा: दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी, वेंगुर्ला-रेडी, कुडाळ, इकडे म्हापसा, डिचोली, कुडचडे-सावर्डे, वास्को-मुरगाव, आणि बाहेरची म्हणून बेळगाव, कोल्हापूर, मुंबई. उरलेलं सगळं 'बाकी जग' नावाच्या एका रांगेत टाका. दोडामार्ग तालुका १९९९ मध्ये सावंतवाडीतून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीचा आकडा सावंतवाडीच्या नावावर आहे, जुन्या-नव्याची तुलना करताना दोन्ही तालुके एकत्र धरा, नाहीतर सावंतवाडी अचानक बारीक झाल्यासारखी दिसते आणि त्याचं खापर फुकट खाणीवर फुटतं.

मग एक तक्ता करा, डावीकडे 'कुठून', वर 'कुठे', आणि असा तक्ता मालाच्या प्रत्येक गटासाठी वेगळा. गट फार नकोत. खनिज एक. इथून बाहेर जाणारा शेतीमाल आणि मासे एक (काजू, आंबा, सुपारी, मालवण-वेंगुर्ल्याची मासळी). बाहेरून येणारं एक: भाजी, दूध, किराणा, सिमेंट, कपडा. चौथा गट अशा गोष्टींचा ज्या ट्रकात घालून आणता येत नाहीत, खोलीचं भाडं, गॅरेज, सुतार, गवंडी, खानावळ. आणि पाचवा तक्ता माणसांचा, रोज किंवा आठवड्याला सीमा ओलांडून कामाला जाणाऱ्यांचा. त्याशिवाय मुंबईहून चाकरमान्यांचा येणारा पैसा ही एक वेगळी रांग हवीच. कोकणात हा पैसा खाणीच्या आधीपासून येतोय, खाण बंद झाल्यावरही येतो, तो धरला नाही तर बाजारातली सगळी खरेदी खाणीच्या खात्यावर जमा होते.

शीट महिन्याची करा, वर्षाची नको. पावसात आग्वादचा बार, म्हणजे मांडवीच्या मुखावरचा वाळूचा उथळ पट्टा, बोटींना बंद झाला की मांडवीतल्या बार्ज कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत जायच्या, रेडीसारखं बंदर पावसाळ्यात चालत नाही, खाणीत पाणी भरतं. आणि काजू-आंब्याचं काम मार्च ते मे, म्हणजे नेमकं ट्रक जोरात असतात तेव्हाच. गणपतीची खरेदी ट्रक उभे असताना येते. वर्षाच्या सरासरीत हे सगळं पुसलं जातं आणि मजुरांची ओढाताण कुठे होती तेच कळत नाही.

पायाभूत वर्ष २००२-०३ घ्या. १९९८ च्या आधीचं घेऊ नका कारण २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, पुढच्या वर्षी ट्रक रेल्वेवर चढवून न्यायची रो-रो पण आली, आणि त्याने वाहतुकीचा हिशोबच बदलला, तो बदल तेजीत मिसळायला नको.

गुरुत्वाचं सूत्र आणि त्यातला 'आकार'

दोन ठिकाणांमधला व्यापार किती हे काढायला अजूनही सगळ्यात कामाचं सूत्र टिनबर्गेनने १९६२ मध्ये मांडलेलं गुरुत्व मॉडेलच. दोन्ही ठिकाणांचे आकार गुणायचे आणि मधल्या खर्चाचा घात (घात २ म्हणजे वर्ग) करून त्याने भागायचं. घात किती ते नंतर डेटावरून ठरवा, सुरुवातीला २ धरा.

आकार म्हणून लोकसंख्या घ्यायचा मोह होतो, ते आपल्याकडे चालत नाही. २००१ ते २०११ या ऐन तेजीच्या काळात सिंधुदुर्गची लोकसंख्या ८.६९ लाखांवरून ८.५० लाखांवर आली, रत्नागिरीचीही घटली. लोकसंख्येवर मॉडेल चालवलं तर ते म्हणेल बाजार आकसला, आणि दुकानदार म्हणेल असा धंदा आधी कधी झाला नव्हता. त्यापेक्षा बँकेतल्या ठेवी आणि कर्जं घ्या, रिझर्व्ह बँक ती जिल्हावार देते, तालुक्यात वाटायला दुचाकी-ट्रक नोंदणी किंवा वीज जोडण्या वापरा.

खर्च म्हणजे किलोमीटर नव्हे. आंबोली आणि चोर्ला घाटातले किलोमीटर आणि सपाटीवरचे किलोमीटर एक नाहीत, दरड पडली की मग प्रश्नच मिटला. तास धरा, त्यात डिझेल मिळवा, नाक्यावरचा खोळंबा मिळवा.

एक छोटं गणित करून बघा, आकडे समजुतीपुरते आहेत. बांद्याजवळच्या गावातला माणूस माल विकायला सावंतवाडीला जाईल की म्हापशाला? सावंतवाडीचा आकार ४०, खर्च १. म्हापशाचा आकार १००, खर्च २. घात २ धरला तर सावंतवाडीची ओढ ४० भागिले १ म्हणजे ४०, म्हापशाची १०० भागिले ४ म्हणजे २५. म्हणजे साधारण ६२ टक्के माल सावंतवाडीला आणि ३८ टक्के म्हापशाला. आता तेजी आली, म्हापशाचा आकार १६० झाला, ओढ ४०, माल अर्धा-अर्धा. इथपर्यंत सगळे करतात. पण तेजी रस्त्यावर ट्रकही आणते, समजा रांगांमुळे म्हापशाचा खर्च २ वरून अडीच झाला, तर ओढ १६० भागिले ६.२५ म्हणजे २५.६, आणि वाटणी परत ६१-३९ च्या आसपास. बाजार दीडपट मोठा होऊनही शेतकऱ्याला त्याचा फायदा पोचला नाही, कारण तेजीनेच रस्ता अडवला. म्हणून खर्चाचा रकाना कायमचा लिहून टाकू नका, तो ट्रकच्या संख्येला जोडा, प्रत्येक महिन्याचे ट्रक त्या महिन्याचा खर्च ठरवतील असं सूत्र घाला. आपल्या रस्त्यांवर हा परिणाम मोठाच निघतो.

तक्त्यात बरीच शून्यं येतील, डिचोलीहून कुडाळला काहीच गेलं नाही वगैरे. ती काढून टाकू नका, व्यापार नसणं हीपण माहिती आहे. पुढे आर किंवा पायथनमध्ये घात काढायला बसलात तर लॉग घेऊन सरळ रेषा बसवण्यापेक्षा पॉइसॉन रिग्रेशन नावाची पद्धत वापरा, शून्याचा लॉग निघत नाही, पण ही पद्धत शून्य सांभाळते.

एका ट्रकचा हिशोब

आता झटका द्यायचा, म्हणजे तेजी शीटमध्ये सोडायची. इथे भाव, टन आणि इथे राहणारा हिस्सा हे तीन रकाने वेगळे ठेवा. भाव चीनच्या मागणीने हलतो, टन परवानगी आणि पावसाने, आणि हिस्सा आपल्या माणसांवर अवलंबून. सरकारही मध्ये येतं, ३० डिसेंबर २०११ पासून लोहखनिजावरचं निर्यात शुल्क २० वरून ३० टक्के झालं होतं, हे भावातून वजा करा.

हिस्सा काढायला एका टिपरची एक खेप घ्या. हे आकडेही समजुतीपुरतेच आहेत, तुम्ही चार ट्रकमालकांकडे बसून खरे भरा. खेपेचे १००० रुपये मिळाले. ४०० डिझेलचे, त्यातले पंपवाल्याच्या कमिशनचे समजा १५ इथे राहिले. २५० हप्त्याचे, बँक बाहेरची असेल तर इथे शून्य, गावची पतसंस्था असेल तर थोडे राहतात. १२० टायर आणि दुरुस्तीचे, टायर बाहेरून येतो, गॅरेजवाल्याची मजुरी ५० इथे. १५० ड्रायव्हरचे, तो इथला असेल तर ११० इथे खर्च होतात. मालकाचे ८०, त्यातले ६० इथे. बेरीज १५ अधिक ५० अधिक ११० अधिक ६०, म्हणजे २३५. हजारातले २३५ इथे राहिले. ड्रायव्हर बाहेरचा असेल आणि घरी पैसे पाठवत असेल, इथे फक्त ४० खर्च करत असेल, तर १६५.

मग गुणक लावा, म्हणजे इथे राहिलेला एक रुपया हातोहात फिरून एकूण किती रुपयांचा होतो तो आकडा. इथे राहिलेल्या रुपयातले ४० पैसे परत इथेच फिरतात असं धरलं तर बाहेर जातात ६० पैसे, आणि गुणक १ भागिले ०.६, म्हणजे १.६७. २३५ चे झाले ३९२, बाहेरचा ड्रायव्हर असेल तर १६५ चे २७५. सभेत सांगितले जाणारे मोठे आकडे बहुतेकदा पूर्ण हजारालाच गुणक लावून आलेले असतात, म्हणजे १६६७. चौपटीचा फरक आहे हा, आणि तो अर्थशास्त्राच्या कुठल्या वादातून आलेला नाही, नुसता गुणक चुकीच्या रकान्याला लावल्याने आलाय. कुणी आकडा दिला तर पहिला प्रश्न हाच विचारा, गुणक कशाला लावलात.

मजूर कुठून ओढला जातो

तेजीत बाकीच्या धंद्यांचं काय होतं याला 'डच डिसीज' म्हणतात. नेदरलँड्समध्ये १९५९ मध्ये ग्रोनिंगेनला गॅस सापडला, पुढे त्यांचे कारखाने मागे पडले, त्यावरून १९७७ मध्ये हे नाव पडलं, आणि १९८२ मध्ये कॉर्डन आणि नीरी यांनी त्याचं मॉडेल मांडलं. त्यात दोन वाटा आहेत, एक म्हणजे मजूर तेजीच्या धंद्याकडे ओढला जातो, दुसरी म्हणजे आलेला पैसा खर्च होऊन इथल्याच गोष्टी महाग होतात.

पण ते मॉडेल देशासाठी आहे, तिथे चलन महाग होतं. आपल्याकडे इकडेही रुपया आणि तिकडेही रुपया, त्यामुळे विनिमय दराचा भाग सरळ काढून टाका. त्याच्या जागी आपल्याकडे काय हलतं तर मजुरी, खोलीभाडं, चिरा (बांधकामाचा जांभा दगड), गवंड्याचा रोज. भाजीचा भाव फारसा हलत नाही कारण बेळगावहून जास्त गाड्या येतात, तिथे आकडा वाढतो तो आयातीचा. म्हणून चौथ्या गटात किंमत वाढू द्या, तिसऱ्या गटात किंमत जवळपास स्थिर ठेवून माल वाढू द्या.

मजुरांसाठी साधी अट घाला, दर महिन्याला कामाचे एकूण हात ठराविक, खाणीकडे मजुरी जितकी जास्त तितके हात तिकडे. मार्च-एप्रिलमध्ये हे सूत्र चालवलंत की काजूच्या रकान्यात खड्डा दिसेल, बागेत बी पडून आहे आणि वेचायला माणूस नाही.

शेतीचं नुकसान मजुरांपुरतंच नाही. खाणीची माती पावसात भातशेतीत उतरते, खोल खड्ड्यातून पाणी उपसलं की विहिरींचं पाणी खाली जातं, जुलै २०२१ मध्ये कळण्याला खाणीतला चिखल-पाणी फुटून घरांत आणि बागायतीत शिरलं. हे सगळं शेतीमालाच्या पुरवठ्यातून वजा झालं पाहिजे. पर्यावरणाचा वेगळा विषय म्हणून ते शेवटच्या पानावर ढकलतात, पण सुपारीची बाग गेली की ती व्यापाराच्याच तक्त्यातून गेली, आणि परत उभी करायला कित्येक वर्षं जातात, तोपर्यंत प्रत्येक महिन्याला तिथे कमी आकडा लिहावा लागतो.

थांबण्याचं बटण

शीटच्या वर एक सेल ठेवा, १ म्हणजे खाण चालू, ० म्हणजे बंद. टनाचा प्रत्येक आकडा या सेलने गुणला जाऊ दे. मग तुम्ही कुठल्याही महिन्यात ० टाकून पुढचे ३६ महिने बघू शकता.

हे बटण नीट चालायला काही गोष्टी साठ्याच्या रूपात लिहाव्या लागतात, म्हणजे या महिन्याचा आकडा मागच्या महिन्यातून पुढे येतो. ट्रकांची संख्या तशी, कर्जाची बाकी तशी, भाड्यासाठी बांधलेल्या खोल्या तशा, बागांचं क्षेत्र तसं. नवीन ट्रक मागच्या सहा महिन्यांच्या कमाईवर येतात असं सूत्र घाला, आणि ट्रक विकून कमी होण्याचा वेग मात्र फार कमी ठेवा, कारण सगळेच विकायला काढतात तेव्हा घेणारा नसतो. मालवणीत सांगायचं तर गाडी उभी रवली म्हणून हप्तो काय रवना नाय. बटण ० केलं की खेपेचे हजार रुपये शून्य होतात पण २५० चा हप्ता तसाच राहतो, तो आता घरखर्चातून जातो, म्हणजे बाजारातली खरेदी तेजीच्या आधी होती त्याच्याही खाली जाते. गोव्यात खाणग्रस्त कर्जदारांसाठी सरकारला कर्जसवलत योजना आणावी लागली ती यामुळेच. ज्या मॉडेलमध्ये कर्जाची बाकी नाही ते सांगतं की तेजी गेली आणि सगळं पूर्वीसारखं झालं. तसं होत नाही.

ताडून बघताना

मॉडेल २००३ ते २०११ वर बसवा आणि २०१३-१४ चं भाकीत त्याच्याकडून काढून घ्या, मग खऱ्या आकड्यांशी जुळवा. जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन, गोव्याचं आर्थिक सर्वेक्षण, इंडियन ब्युरो ऑफ माइन्सची वार्षिक आकडेवारी, मुरगाव बंदराची मालवाहतूक आणि रिझर्व्ह बँकेच्या जिल्हावार ठेवी-कर्जं, एवढ्यावर बरंच काम होतं. राज्याराज्यातला माल मोजायला ई-वे बिल (मालाच्या गाडीसाठी काढायची जीएसटीची ऑनलाइन नोंद) उत्तम, पण ते एप्रिल २०१८ पासूनचं, त्यामुळे २०१२ साठी उपयोगाचं नाही. तिथे बाजार समितीच्या नोंदी आणि दुकानदारांच्या जुन्या वह्या, दुसरा मार्ग नाही.

२०१२ मध्ये एक सापळाही आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गोव्याने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढून टाकला आणि पेट्रोल एका झटक्यात लिटरमागे दहा रुपयांहून जास्त स्वस्त झालं, सीमेवरची माणसं टाकी भरायला पलीकडे जायला लागली. म्हणजे खाण बंद झाल्याने सीमेपलीकडचा व्यवहार घटत होता आणि पेट्रोलमुळे वाढत होता, दोन्ही एकाच वर्षी. पेट्रोलची रांग वेगळी नाही ठेवली तर बंदीचा फटका कमी दिसेल. पर्यटनाचंही तसंच, तो खर्च वेगळ्या रकान्यात घ्या, नाहीतर कळंगुटच्या हॉटेलची कमाई खाणीच्या नावावर चढते.

भाकीत चुकलं तर आधी घाताला हात लावू नका. इथे राहणारा हिस्सा आणि खर्चाचा रकाना हे दोनच आकडे प्रत्येकी थोडे वर-खाली करून बघा, बहुतेक चूक तिथेच सापडते. आणि ग्रामसभेत न्यायचं असेल तर तीन उत्तरं घेऊन जा: ड्रायव्हर-मजूर इथले असतील तर, बाहेरचे असतील तर, आणि पाचव्या वर्षी बटण ० झालं तर. तिन्हीच्या खाली कुठला आकडा कुणाला विचारून घेतला ते लिहा, म्हणजे ज्याला पटत नाही त्याला तो सेल बदलून तिथेच उत्तर बघता येईल.